तेल कोठें गेलें ?

आमच्या वाशीमच्या घरामागील गोठ्यांत एक मोटार उभी आहे, हें आमच्या गल्लींतील लहान मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक होतें. पण ती मोटार आहे, याची आठवण मात्र आमच्याच घरांत फारशी कोणाला राहिली नव्हती. तिच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या जात, मागच्या बैठकीवर मांजरीचीं दोन-तीन बाळंतपणें सुखरूप पार पडलीं होतीं, आणि दर दिवाळीच्या साफसफाईंत ‘यंदा ही भंगारांत द्यायचीच’ असा ठराव एकमतानें पास होऊन दरवर्षीं तो दप्तरीं दाखल होत असे. अशीं चाळीस वर्षें गेलीं.

दोन वर्षांपूर्वीं पुण्याहून पुतण्याचा फोन आला. केंद्र सरकारनें २०२१ सालीं नियम केला आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या आणि मूळ स्वरूपांत राहिलेल्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून निराळा क्रमांक मिळतो. राज्याच्या अक्षरांपुढें ‘व्हीए’ हीं दोन अक्षरें येतात; वीस हजार रुपये भरले कीं दहा वर्षांची नोंदणी होते. आमची गाडी १९७० सालची. म्हणजे जी वस्तु काल भंगार होती, ती आज वारसा ठरली! माणसांच्या बाबतींतही असा एखादा नियम निघेल तर निवृत्त प्राध्यापकांची मोठी सोय होईल, असें मी पत्नीला म्हणालों. तिनें ‘मूळ स्वरूपांत’ या शब्दांकडे माझें लक्ष वेधलें आणि ती आपल्या कामाला निघून गेली.

अशी गाडी रोजच्या वापरासाठीं नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणें, दुरुस्ती एवढ्यापुरतेंच तिनें रस्त्यावर यावें, असा दंडक आहे. पण थोडें कां होईना, रस्त्यावर यावयाचें म्हणजे ती चालली पाहिजे. आणि चालण्यापेक्षांही ती थांबली पाहिजे. माझी सारी कथा या थांबण्याची आहे.

गाडी ॲम्बॅसडर, मार्क दोन. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ती घेतलेली. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यांत २०१४ सालीं काम थांबेपर्यंत थोड्याफार फरकानें ती निघतच राहिली. माझ्या वडिलांनीं ती १९७६ सालीं जुनी म्हणूनच विकत घेतली. बाबा वकील होते, आणि वाशीमच्या वकिलाला त्या काळीं मोटार ही चैन नव्हती. इंग्रजी अमदानींत वाशीम हा एकदां स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो अकोल्यांत विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां वेगळा निघाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत वाशीमकरांनीं जिल्ह्याच्या कोर्टाच्या पायऱ्या चढावयाच्या त्या अकोल्याला. आणि त्या पायऱ्या चढण्यापूर्वीं घाट उतरावयाचा.

वऱ्हाडचे जुने लोक आपल्या मुलुखाचे पयनघाट आणि बालाघाट असे दोन भाग करीत. अकोला खालीं, पूर्णेच्या काळ्याभोर सपाटींत. वाशीम वर, बालाघाटांत. दोन्ही गांवांच्या उंचींत अडीचशे मीटरांहून अधिक फरक आहे. मालेगांव मागें टाकलें, मेडशी ओलांडली कीं रस्ता सागाच्या रानांतून वळणें घेत पातूरकडे उतरूं लागतो. सह्याद्रीचे घाट पाहिलेला मनुष्य या घाटाला हंसेल. पण पांच पक्षकार, त्यांच्या शिदोऱ्या आणि दोन पेट्या कागदपत्रें भरलेली ॲम्बॅसडर घेऊन जो तो उतरला असेल, तो हंसणार नाहीं. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक; ते तापले कीं पकड सुटूं लागते, आणि पाय दाबून दाबून मांडीला गोळे येतात. म्हणून १९७९ सालीं बाबांनीं मुंबईहून एक विलायती ‘सर्वो’ मागवून गाडीला बसविला.

हें यंत्र काय करतें, तें येथें थोडें सांगितलें पाहिजे. कारण पुढील सारा घोटाळा त्याच्याच पोटांत झाला.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला कीं तो सर्व दिशांना सारखा पोंचतो, हें पास्कालनें सतराव्या शतकांत सांगून ठेवलें. मोटारीला त्याचा उपयोग व्हावयाला विसावें शतक उजाडावें लागलें. चारी चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक असलेली ड्युझेनबर्ग गाडी अमेरिकेंत १९२१ सालीं निघाली. पायानें एक दट्ट्या दाबावयाचा, त्यानें नळींतील तेल ढकलावयाचें, आणि तेलानें चाकांतील दट्टे पसरून ब्रेकचे जोडे ड्रमवर घट्ट बसवावयाचे. पहिल्या काळीं या तेलांत एरंडेल आणि मद्यार्क यांचें मिश्रण असे. एरंडेलानें पोट सुटतें एवढेंच ठाऊक असलेल्या आमच्या आजीला, त्यानें गाडी थांबते हें कधींच पटलें नसतें!

सर्वोची कल्पना याहून मौजेची आहे. पेट्रोलचें इंजिन श्वास घेतें तेव्हां त्याच्या नळींत पोकळी निर्माण होते. एका गोल डब्यांत रबराचा पडदा लावून त्याच्या एका बाजूला ही पोकळी आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा सोडली, तर हवाच पडदा ढकलते. सात इंच व्यासाच्या पडद्यावर हा जोर दीडशे किलोंच्या वर जातो. चालकाचा पाय फक्त इशारा करतो. मेहनत वातावरण करतें. बेल्जममधील देवान्द्र नांवाच्या इंजिनिअरनें अशा रचनेवर काम केलें, आणि १९२८ सालच्या पिअर्स-ॲरो गाडींत ती आली. आमच्या गाडींत हा डबा बॉनेटखालीं एका बाजूला बसविलेला होता. पायाकडून येणारें तेल त्याच्या पुढच्या लहान नळकांड्यांत शिरे व तेथून वाढीव दाबानें चाकांकडे जाई. तेलाचें नळकांडें आणि पोकळीचा डबा यांच्यामध्यें एक दांडी, आणि दांडीभोंवतीं जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी रबराची चकती.

गाडी हांकावयाला आमच्याकडे मेडशीचे एक गृहस्थ होते. आम्ही मुलें त्यांना मामा म्हणत असूं. त्यांचें नांव येथें देत नाहीं. मामा अबोल. सकाळीं गाडी काढण्यापूर्वीं चारी चाकांभोंवतीं एक प्रदक्षिणा घालीत, आणि ती चुकली तर त्यांना देवपूजा चुकल्यासारखें होई.

१९८३ सालच्या श्रावणांत बाबांचें अकोल्याला एक अपील होतें. आईला दांत दाखवावयाचे होते, म्हणून ती आणि मी बरोबर निघालों. मी तेव्हां सोळा वर्षांचा होतों. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मामांनीं ब्रेकवर पाय ठेवला आणि तो तसाच खालपर्यंत गेला. त्यांनीं पुन्हां दाबला. पुन्हां तसाच गेला. एकच नळीमार्ग, तेल संपलें कीं चारी चाकें एकदम मोकळीं. नंतरच्या पाऊण मिनिटांत मामांनीं काय काय केलें, तें मी आज सांगूं शकतों, कारण तें मी अनेकदां मनांत पाहिलें आहे. दुसरा गिअर, मग पहिला, इंजिन किंचाळलें, हातब्रेक ओढला, आणि गाडी डाव्या अंगाच्या दरडीला घांसत घांसत नेऊन त्यांनीं ती गिट्टीच्या एका ढिगांत रुतविली. आईचें मनगट मोडलें. यापलीकडे कोणालाही कांहीं झालें नाहीं. उजव्या हाताला दरी होती.

त्या ढिगाशेजारींच बाबांनीं उलटतपासणी सुरू केली.

“तेल केव्हा घातलं होतंस?”

“परवाच टाकलं जी, साहेब.”

“मग गेलं कुठं?”

बाबा कोर्टाचे कपडे घातलेले असतांना रस्त्यावर उकिडवे बसले व गाडीखालीं पाहूं लागले. एक थेंब नव्हता. पातूरहून मिस्त्री आला, त्यानें चाकें उघडलीं, चारी कोरडीं. नळ्या शाबूत. तेलाची डबी मात्र रिकामी. बाबा उठले. दोन महिन्यांत चार बाटल्यांचे पैसे मामांनीं नेले होते, हेंही त्यांना आठवलें. घातलेलें तेल गळत नाहीं आणि डबींतही नाहीं, त्या अर्थीं तें घातलेंच नाहीं. त्या अर्थीं पैसे खाल्ले. मामा धुराविषयीं कांहीं सांगूं लागले. बाबांनीं हात वर केला. त्या हातापुढें अकोल्याचे भलेभले साक्षीदार गप्प बसत. मामा तर आमच्याकडचा पगार घेणारे. ते तेथूनच पायीं मेडशीकडे परत निघाले. मागें वळून त्यांनीं गाडीकडे पाहिलें; आमच्याकडे पाहिल्याचें मला आठवत नाहीं.

मी तेव्हां कांहीं बोललों नाहीं. खरें म्हणजे मलाही तें पटलें होतें. बाबांचा युक्तिवाद बिनतोड होता.

आतां आजच्या दुरुस्तीकडे येतों. इंजिनाची कहाणी लांबवीत नाहीं. पैसे खर्च केले कीं इंजिनें चालूं लागतात. ब्रेकचें काम येथल्याच दोन तरुण मिस्त्रींना दिलें. त्यांनीं तें मनापासून केलें. चाकांतील गंजून बसलेले दट्टे बदलले, रबरी नळ्या नव्या घातल्या. जुन्या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आंतून सुजतात. मग तेल जातें पण परत येत नाहीं आणि चाक धरून बसतें, हें मला त्यांच्याकडूनच कळलें. नवें तेल भरलें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. कोरडें असतांना २०५ अंशांवर उकळणारें साधें तेल ओलें झालें कीं १४० अंशांवरच उकळूं लागतें, आणि उतारावर नळींत वाफ झाली कीं पाय पोकळींत पडतो. म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावयाचें. मग एकानें आंत बसून पाय मारावयाचा, दुसऱ्यानें सर्वांत दूरच्या चाकापासून स्क्रू ढिला करून बुडबुडे काढावयाचे, असा कार्यक्रम दिवसभर चालला. संध्याकाळीं ब्रेक दगडासारखा लागला.

सर्वो त्यांनीं उघडला नाहीं. त्याचे भाग मिळत नाहींत हें एक कारण. पण खरें कारण तो उत्तम चालत होता. परीक्षा सोपी आहे : इंजिन बंद ठेवून पांच-सहा वेळां पाय मारावा, म्हणजे सांठलेली पोकळी संपते, मग पाय दाबून धरून इंजिन सुरू करावें. पाय आपोआप थोडा खालीं गेला तर सर्वो जिवंत आहे. आमचा तत्काळ खालीं गेला. चाळीस वर्षांनींही! आम्हीं त्याच्या पाठीवर शाबासकीच दिली म्हणाना. जो आपलें काम चोख करतो, त्याच्यावर संशय कोण घेणार?

आठ दिवस मी गाडी थोडी थोडी फिरविली. नवव्या दिवशीं डबी पाहिली तों तेल निम्म्यावर. भरलें. पुन्हां आठवड्यानें निम्म्यावर. रात्रभर चारी चाकांखालीं आणि मध्यें पांढरे पुठ्ठे पसरून ठेवले; सकाळीं त्यांच्यावर मांजरीच्या पावलांशिवाय कांहीं नव्हतें. ड्रम उघडले, कोरडे. त्या मुलांपैकीं एक जण डोकें खाजवीत मला म्हणाला, “सर, तुम्ही भरलं होतं ना नक्की?”

माझ्या अंगावर कांटा आला. भरलें होतें. माझ्या हातानें, दोनदां.

दुसऱ्याच दिवशीं अकोल्याहून एका वृद्ध मिस्त्रीला बोलावून घेतलें. त्यांनीं चाकांकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. सगळें ऐकून म्हणाले, “थेंब खाली पडत नाही म्हणता, तं मग ते मागून जात असन.” इंजिन सुरू करवून ते गाडीच्या मागें धुरांड्यापाशीं जाऊन बसले व मला ब्रेक मारीत राहावयाला सांगितलें. थोड्या वेळानें त्यांनीं हांक मारली. धूर पांढरा येत होता, दाट, आणि त्याला एक गोडसर उग्र वास होता. त्यांनीं सर्वोकडून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी काढली, आंत बोट फिरविलें आणि तें माझ्यापुढें धरलें. बोट ओलें होतें.

सर्वो उघडला तेव्हां त्याच्या पोटांतून चहाचा पेला भरेल एवढें तेल निघालें. ती चार आण्याएवढी चकती एका बाजूनें झिजली होती. तेलाच्या नळकांड्यांतून तेल दांडीवाटे पोकळीच्या डब्यांत शिरे, तेथून इंजिन तें शोषून घेई आणि जाळून टाकी. पडदा अजून शाबूत होता, तो या तेलांत भिजत राहिल्यामुळें, असें मिस्त्री म्हणाले. बाहेर थेंब पडावा कोठून? जमिनीवर बसून गाडीखालीं पाहणाऱ्याला तें दिसणें शक्यच नव्हतें.

त्या रात्रीं मीं बाबांच्या पेटींतील कोर्टाच्या डायऱ्या काढल्या. बाबा १९९९ सालीं गेले. त्या डायऱ्यांना कोणी हात लावलेला नव्हता. त्यांत तारखा, पक्षकार, फी, यांखेरीज कांहीं नसे. १९८३ ची उघडली. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हांपासून बाबा स्वतःच ती हांकीत. पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत एक नोंद होती : ‘ब्रेक तेल घातले.’ नऊ दिवसांनीं पुन्हां : ‘ब्रेक तेल घातले.’ मग सात दिवसांनीं; मग आठ. पुढल्या डायरींतही तेंच. १९८४ च्या मार्चमध्यें : ‘गाडी बंद.’ आम्हांला तेव्हां सांगितलें होतें कीं, पेट्रोल परवडत नाहीं.

मी वाचीत गेलों. मे महिन्यांत एका पानावर ‘मेडशी म. ऑ. रु. ३००’. अकरा दिवसांनीं दुसऱ्या पानावर ‘म. ऑ. परत’. त्यापुढें ओळ कोरी होती.

म्हणजे त्यांना कळलें होतें. तेल कोठें जातें हें कळलें नसेल. पण तें जातें, भरणारा प्रामाणिक असूनही जातें, एवढें त्यांच्याच हातानें सिद्ध झालें होतें. मेडशी वाटेवरचें गांव. त्यानंतर ते कित्येक वर्षें एस्टीनें तेथूनच अकोल्याला जात-येत होते. गाडी थांबत असे तेथें. ते खिडकीशीं बसत कीं आंतल्या बाजूला, हें मला कोणाला विचारतां येत नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं मी मेडशीला गेलों. मामांचें वय आतां अठ्ठ्याहत्तर. घर सांपडावयाला वेळ लागला नाहीं. ओसरीवर बाजेवर बसले होते. मीं नांव सांगितल्यावर त्यांनीं माझ्याकडे बराच वेळ पाहिलें आणि पहिला प्रश्न केला तो आईच्या हाताचा. हात बरा झाला होता, आणि आई जाऊनही बारा वर्षें झालीं, असें मीं सांगितलें. मग सगळें सांगितलें. चकती खिशांत नेली होती ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनीं ती अंगठ्यानें उलटीसुलटी करून पाहिली.

“धूर पांढरा येत होता नं?”

“हो.”

“म्या सांगतलं होतं साहेबाले, आधी दोनदा. ते म्हणत, इंजिन म्हातारं झालं.”

त्यानंतर त्यांना गाडी कोणी दिली नाहीं. पैसे खाणारा आणि घाटांत गाडी सोडणारा, ही कीर्ति मालेगांव-पातूरपर्यंत त्यांच्या आधीं पोंचत असे. मग मजुरी, मग दुसऱ्याचा बगीचा राखणें. दोन मुलींचीं लग्नें त्यांतच केलीं. हें त्यांनीं माझ्या विचारण्यावरून सांगितलें, तक्रार म्हणून नव्हे. मीं मनिऑर्डरीची गोष्ट काढली.

“पैशाचं काय जी,” ते म्हणाले. “त्या कागदाले खाली लिवायची जागा राह्यते. ती कोरी होती. दोन शब्द असते तं ठेवून घेतले असते.”

बाबांनीं आयुष्यभर इतरांसाठीं हजारों अर्ज लिहिले. मला कांहीं उत्तर सुचेना. मीं क्षमा मागितली. ती मला मागतां येते कीं नाहीं, हा प्रश्न कायद्याचा आहे. मामांनीं चहा सांगितला.

चहा पितांना ते मोकळे झाले. नवी चकती कोठून मिळाली, विचारलें. मीं मुंबईहून मागविल्याचें सांगितलें. मूळ गाडीला सर्वो नव्हता, तेव्हां ‘मूळ स्वरूप’ या अटीसाठीं तो काढून नळ्या सरळ जोडाव्या असें पुतण्याचें म्हणणें आहे, हेंही सांगितलें. त्यांनीं जोरानें मान हलविली. “काढू नका. घाटात पाय भरून येते.” यावर पुतण्याशीं मी अजून भांडतों आहें.

सर्वो पुन्हां बसल्यावर पंधरा दिवसांनीं, ब्रेकची परीक्षा या सबबीखालीं, मी गाडी घेऊन मेडशीला गेलों. मामा काठी टेकीत बाहेर आले. चारी चाकांभोंवतीं एक फेरी घातली, सावकाश. मग चालकाच्या जागेवर बसले. काठी शेजारच्या बैठकीवर आडवी ठेवली. इंजिन बंद असतांना पांच-सहा वेळां पाय मारला, मग दाबून धरला, आणि मला गाडीच्या मागें जाऊन उभें राहावयाला खुणावलें. इंजिन सुरू झालें. ते ब्रेक मारीत राहिले, सोडीत राहिले. गल्लींतलीं मुलें जमलीं.

“येतो का?” त्यांनीं आंतून विचारलें.

मी वांकून पाहिलें, धुरांड्यापुढें हात धरला, वास घेतला.

“नाही येत, मामा.”

“अजून पाहा,” ते म्हणाले, आणि त्यांनीं पुन्हां पाय दाबला.